जावयाची विडी आणि जस्ताची बादली

सासूपुढं विडी ओढायची नाही, ही आमच्या जावयाची रीत. त्या रीतीपायीच परवा पिंपरी पेंढारच्या रानात माणूस हातचा जात होता, बायांनो.

ठिबकच्या नळ्या धुवायला ॲसिड लागतं. मागच्या खेपेला जावयानं ते जस्ताच्या बादलीत भरपूर पाण्यात कालवलं, तेव्हा बारीक बुडबुडे आले नि गेले. यंदा घाईत पंपघराच्या आडोशाला त्याच बादलीत निव्वळ ॲसिड ओतलं.

मी टोमॅटो बांधत होते. फसफस ऐकून वळले, तर बादली दुधागत उतू चाललेली आणि शेजारी जावई, तोंडात विडी, हातात काडेपेटी. ॲसिड जेवढं कडक, तेवढं ते जस्त झपाट्यानं खातं, आणि त्यातनं निघालेला वायू काडीसरशी भडकतो. लेकीचं शाळेचं पुस्तक मी तिच्याआधी पाठ केलंय, मला कोण सांगणार?

“जावईबापू, काडी वढू नका!”

“न्हाई मामी, कुठं वढतोय?” म्हणत तो लपायला बादलीपाशीच खाली बसला!

“अहो, माझ्या तोंडावर धूर सोडा, पण आधी हिकडं या!”

आला. मागं बादलीचं बूड गळायला लागलं. त्यानं विडी मुठीत लपवली. मी म्हणाले, “आता वढा.”

“तुमच्यापुढं? कसं दिसंल, मामी!”

“मग सोडाच की!”