घरी कळवलेलं बरं

हो, त्या कादंबरीतल्या शिक्षिकेला भित्री म्हणाले होते. शब्द माझाच आहे, नाकारत नाही मी. पण तू आधी बस बघू — नाही, खुर्ची पुढे ओढू नकोस, ठेवलीय तिथेच राहू दे, मी इथून दारातूनच बोलते. दीड मीटर म्हणजे दीड मीटर. आणि तुझ्या बाबतीत तर — तू पॉझिटिव्ह आहेस, सुखदा, आणि पद्माकरला दमा आहे हे आपल्या सगळ्या पॉइंट कुक वस्तीला ठाऊक आहे. घरात बाहेरच्या माणसाला घ्यायचं नाही हा नियम काही मी केलेला नाही. मास्क नाकावर घे. पाणी पी, तो ग्लास तुझ्यासाठीच आणलाय, परत करू नकोस. आणि ती पिशवी खाली ठेव ना, मांडीवर कशाला धरून बसलीस? वर कोथिंबीर, खाली कपडे — भाजी घेऊन चाललीय असं वाटावं म्हणून, हो ना? हुशार आहेस. वर्गात तू सगळ्यांत हुशार होतीस, हे मी पद्माकरलाही सांगितलंय.

तर ती शिक्षिका. हे नीट समजून घे, कारण मला वाटतं, माझ्या एका वाक्यावर तू फार मोठा भार टाकते आहेस. गुरुवारच्या वर्गात — तुम्ही बायका त्याला बुक क्लब म्हणता, मी वर्गच म्हणते — आपण काय वाचत होतो? शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतल्या छोट्या गावांतली लग्नं. एक रस्ता, एक चर्च, धान्याचं कोठार, आणि पडद्याआडून बघणारी माणसं. हार्डवेअरच्या दुकानदाराची बायको बर्फात बॅग घेऊन निघते आणि जिनं तिला पुस्तकं वाचायला दिली त्या शिक्षिकेच्या दारात येऊन उभी राहते. शिक्षिका तिला गरम कोको देते, अंगावर शाल घालते आणि अंधार पडायच्या आत घरी परत पाठवते. त्यावर मी म्हणाले की अख्ख्या कादंबरीत हीच बाई सगळ्यांत भित्री, कारण आपण काय करतोय हे नवऱ्याला निदान कळत नव्हतं, हिला कळत होतं. वाक्य चांगलं होतं. विनीतानं लगेच ग्रुपवर टाकलं, पंचवीस-तीस अंगठे आले. पण ते एका पात्राबद्दलचं वाक्य होतं, सुखदा! पात्राला भित्रं म्हणायला आपलं काय जातं? त्या बाईला भाड्याची खोली होती, नोकरी गावातल्या कमिटीच्या हातात होती, दुसऱ्या दिवशी त्याच दुकानातून तिला खिळे आणि दिव्याचं तेल आणायचं होतं — हे सगळं मी सांगायला हवं होतं. झूमची फुकटातली चाळीस मिनिटं, राहून गेलं.

आणि इथं तरी काय निराळं आहे? तळं आहे, एकसारखी छपरं आहेत, मराठी ग्रुप आहे. समोरच्या घराचं ते ब्लाइंड — नको, वळून बघू नकोस — मघापासून चार बोटं वर आहे. ती चित्रा. आता संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळेल की वीणाताईंच्या पोर्चवर कोण बसलं होतं. मी तक्रार करत नाहीये. मी पुण्यात अमेरिकन कथासाहित्य शिकवत होते, स्वतःची खोली होती मला कॉलेजात, खिडकीशी टेबल. पद्माकरचा व्हिसा झाला, आले. इथं युनिव्हर्सिटीत तासांवर शिकवणारी कॅज्युअल ट्यूटर होते, मार्चमध्ये तेही गेलं, एका ईमेलवर. पद्माकर चांगला माणूस आहे. म्हणजे — त्याला कुणाशी वाईट व्हायला आवडत नाही. या दोन्हींत फरक आहे, पण तो विषय वेगळा. मीसुद्धा एकदा विल्यम्स लँडिंग स्टेशनपर्यंत गेले होते, गाडी पार्क केली, प्लॅटफॉर्मवर बसले, दोन ट्रेन जाऊ दिल्या, सँडविच खाल्लं आणि परत आले. कारण काहीच नव्हतं. हेच तर म्हणतेय मी — निघून जायला कारण लागतं.

म्हणून विचारते, रागावू नकोस. मारतो का तो?

नाही. बरं. मग?

हे बघ, मी मान हलवत नाहीये, ऐकतेय. पण तुझा नचिकेत, अगं! या लॉकडाउनमध्ये ज्याच्या घरी कुणी आयसोलेट झालं त्याच्या दाराशी डबा कोण ठेवतं? नचिकेत. कुणाच्या घरी स्वयंपाक झाला, कुणाच्या दारी पोचवायचा, हे जुळवतं कोण? पद्माकरचा इन्हेलर संपला तेव्हा केमिस्टकडे कोण धावलं? "वहिनी, तुम्ही बाहेर पडूच नका, मी आहे ना. नो वरीज!" असा बोलतो तो. आणि तू म्हणतेस पुढच्या दाराची किल्ली तो खिशात ठेवतो — तर सुरक्षेसाठी ठेवत असेल. आईशी बोलताना फोन स्पीकरवर लावून शेजारी बसतो — तर सासूबद्दल प्रेम असेल. एकेक गोष्ट सुटी घेतली तर प्रत्येकीला उत्तर आहे, आणि मला सुट्या गोष्टी एकत्र बांधून निष्कर्ष काढायला आवडत नाही, मी विद्यार्थ्यांचे असे निबंध परत करत असे. हां, एक मात्र मी पाहिलंय. झूमवर तुला काही विचारलं की तुझी नजर आधी डावीकडे जायची, मग तू बोलायचीस. दर वेळी. मला वाटायचं, डावीकडे खिडकी असेल.

तिथं तो बसायचा.

बरं. हे मी नोंदवून घेते. पण तरीही तुला ताप असताना असं गॅरेजच्या दारातून निघून चालत येणं, तेही कुणाला — काय म्हणालीस? नाही, थांब. टेस्ट झालीच नाही म्हणजे? ड्राइव्ह-थ्रूला नेलं असेल, नाकात ती काडी — नाही? ताप तरी? खोकला? वासाचं काही? पण ग्रुपवर त्यानं स्पष्ट लिहिलं होतं, सुखदा पॉझिटिव्ह आली आहे, कृपया कुणीही घरी येऊ नये, फोनही करू नयेत, तिला विश्रांतीची गरज आहे. मी स्वतः तुला मुगाची खिचडी पाठवली, तूप वेगळ्या वाटीत. "सुखदाला फार आवडली" असा मेसेजही आला मला. तू खाल्लीस ना? — खाल्लीस, पण माझी होती हे नाही सांगितलं त्यानं. बायकांचे मेसेज आले असतील की तुला. फोनच नाही तुझ्याकडे. हं.

एक मिनिट हं, मला विचार करू दे, तू बोलू नकोस. शनिवारी तो इथं आला होता. याच पायरीवर, पराठ्यांचा डबा घेऊन. मी विचारलं, सुखदा कशी आहे? म्हणाला, "थकवा आहे, वहिनी, झोपूनच असते." पद्माकर खिडकीतून हात करत होता. आणि तिथून तो पुढच्या घरी गेला, तिथून पुढच्या. अगं, ज्याच्या घरात पॉझिटिव्ह माणूस आहे त्याला चौदा दिवस दाराबाहेर पाऊल टाकता येत नाही! हे पोरांनाही पाठ आहे. आणि हा रोज दुपारी घरोघर डबे वाटत फिरतोय, आणि एवढ्या मोठ्या ग्रुपात — दोन डॉक्टर आहेत त्यात, एक पॅथॉलॉजीवाली आहे — एकालाही प्रश्न पडला नाही. सगळ्यांनी जोडलेले हात पाठवले. मीही पाठवले, फुलासकट. एक तर तो सगळ्या वस्तीत आजार वाटत सुटलाय, नाहीतर तू आजारी नाहीस. तिसरी शक्यता नाही. मी स्वल्पविराम चुकला तर अख्खं पान परत देणारी बाई, आणि मला हे तू पोर्चवर येऊन बसल्यावर दिसतंय.

आणि कधी जाहीर केलं त्यानं? सोमवारी. त्याआधीचा गुरुवार म्हणजे तोच, शिक्षिकेचा. शेवटी तू विचारलं होतंस, "तिनं दार उघडलं असतं तर?" डावीकडे न बघता विचारलं होतंस, पहिल्यांदाच. मला ते आवडलं होतं. मी म्हणाले, छान प्रश्न आहे, पुढच्या वेळी त्यावर बोलू. पुढच्या वेळी तू नव्हतीस. मला वाटलं, ताप.

रस्त्याकडे? नाही, कुठं बघत होते मी रस्त्याकडे. कुणाची वाट नाही बघत. मी — सुखदा, ऐक. हे मला मघाशीच सांगायला हवं होतं. तू आलीस आणि मी खुर्ची आणायला आत गेले ना, तेव्हा पद्माकर मीटिंगमधून उठून आला, म्हणाला, "कोण आहे?" मी सांगितलं. म्हणाला, "एकटीच आलीय? मग घरी कळवलेलं बरं, तो बिचारा शोधत बसेल." यात त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, खरंच. आपल्याकडे असतंच ना ते — शेजारचं पोर आपल्याकडे जेवायला बसलं तरी त्याच्या घरी निरोप जातो, इथं आहे, काळजी करू नका. तेवढ्याच साधेपणानं त्यानं फोन लावला. आणि मी थांबवलं नाही. थांबवता आलं असतं, खुर्ची हातात होती, म्हणता आलं असतं, जरा थांब. उलट बरं वाटलं मला. वाटलं, चला, आता यात मला काही ठरवायला नको. नचिकेत म्हणाला म्हणे, "शेवटचा डबा देतो आणि येतो, तोवर वहिनींना सांगा, बोलत बसवा तिला." म्हणून पाणी. म्हणून ती शिक्षिका आणि चर्च आणि धान्याचं कोठार. मी इतकं बोलते का कधी?

अशी बघू नकोस. काहीतरी बोल. वर्गात बोलायचीस तशी बोल.

नियमाचं म्हणशील, तर त्यात अपवाद आहे. घरात धोका असेल तर माणसाला बाहेर पडता येतं, दुसऱ्याच्या घरी राहता येतं. घराबाहेर पडायला परवानगी असलेल्या कारणांत लिहिलंय, मी वाचलंय, पहिल्याच दिवशी सगळं वाचून काढलं होतं. मघाशी तू दारात उभी होतीस तेव्हाही मला ते माहीत होतं.

कुठं निघालीस? बस — नाही, बसू नकोस. पण तिकडून नको, त्या रस्त्यानंच येईल तो. तळ्याकडून गेलीस तरी पुढे सगळं उघडं मैदान आहे, आणि जाणार कुठं तू? फोन नाही, कार्ड नाही, पलीकडच्या वेरिबीलाही तुझं कुणी नाही. सुखदा. सुखदा, थांब — ती बघ, गाडी वळली. पांढरी आहे, त्याचीच. मागच्या सीटवर डबे आहेत.

आत ये. अगं, ये म्हणतेय ना, चपला राहू देत पायात, काही पुसत बसू नकोस. पिशवी घे. माझ्या मागून ये, डावीकडची खोली, आतून कडी आहे, लाव. मी हाक मारल्याशिवाय काढू नकोस — आणि मी मारली तरी आधी विचार, आणखी कोण आहे म्हणून. जा.

पद्माकर, तू उठू नकोस. दमा आहे, माहीत आहे मला, मास्क लाव आणि तुझ्या खोलीचं दार लोटून घे. नाही, दाराशी मी बघते. नाही, त्याला कुणी काही कळवायचं नाही, मीही नाही आणि तूही नाही. कुणाला वाईट वाटायचं ते वाटू दे. तो फोन खाली ठेव, पद्माकर. खाली ठेव म्हणते ना.