गोमाजीच्या हातचा फावडा

कलाबाई : आमच्या गुंजनचं लगन झालं त्याच साली हे लागलं, उर्वशी. दिवे लागले का तुह्ये काकाजी तलावाकडं निघतेत. म्हणतेत, गोमाजी धानाले पाणी द्याच्या पाळीवर उभा हाय, त्याले सोडवाले जाऊन राहिलो.

उर्वशी : गोमाजी म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ ना? बुडून गेले ते?

कलाबाई : हो. पाळी राखता राखता. फावडाही सापडला नाही. मी सांगतलं का गोमाजी मेला, तं आजच आयकल्यासारखे रडतेत. रोज नवं मरण. आमचा पोरगा धर्मेंद्र म्हणते, बुढ्याले कुलपात ठेव. शेजारीण म्हणते, बाहेरचं हाय.

उर्वशी : बाहेरचं काही नाही, काकू. विसरायचा आजार आहे. कोंडलं तर माणूस अजून बिथरते. त्यांचं बोलणं खोडू नका. ही पाळी सोडवतात कशी? माझं माहेर शहरातलं, मले नाही समजत.

कलाबाई : त्यात काय? पाळीवरचा पहिला गडी म्हणते, माही धानाची बांधी पाण्यानं भरली. दुसरा त्याच्या हातचा फावडा घेते. मंग पहिला घरी जाते. फावडा दिल्याबिगर हलाचं नाही.

उर्वशी : मग संध्याकाळी फावडा तुम्हीच द्या. गोमाजीच्या वतीनं.

कलाबाई : मेलेल्या दिराचं सोंग घेऊ? तुह्यं डोकं ठिकाणावर हाय ना?

उर्वशी : आमच्या बायांच्या बैठकीतल्या रुखमिणीबाईंच्या सासूलेही हाच आजार; त्या तिले रोज मातीच्या भाकरी थापू देतात. म्हातारीचा जीव शांत राहते.

(पोळा झाल्यावर, त्याच ओसरीत.)

उर्वशी : माहेरी होती, काकू. आयकलं अन् तशीच आली. कसं झालं?

कलाबाई : तुह्यं सांगणं खरं निघालं होतं. अंगणात उभी राहून म्हटलं, दादा, माही बांधी भरली. त्यायनं फावडा घेतला, ओसरीत टेकले, पोटभर जेवले. सारा धानाचा रोवणा असाच गेला. मंग पोळ्याच्या आदल्या दिवशी मी अड्याळच्या बाजारात अडकली. आली तं मांडीवर फावडा घेऊन बसलेले. म्हणे, आज गोमाजी सवताच देऊन गेला.

उर्वशी : तुमचाच असेल.

कलाबाई : आमचा बैलाच्या कोठ्यात होता. हा गंजलेला, गाळानं भरलेला. अन् ह्यांचे पाय कोरडे.

उर्वशी : यंदा तलावाचा गाळ काढला ना, काकू. कोणी आणून दिला असेल.

कलाबाई : असंल. धर्मेंद्रलेही मी तेच सांगतलं.

उर्वशी : कुठं आहे तो?

कलाबाई : सारं घर धुंडलं, नाही सापडला. पोळ्याच्या सकाळी, याच ओसरीत बसल्या बसल्या तुह्ये काकाजी देवाघरी गेले. दार उघडं होतं, हात रिकामे होते.