बिघडलेलाच फोन पाहिजे

स्वस्तातला फोन घेतला म्हणून मले हसता ना, मंग ऐका. नव्या कंपनीचा होता. चार दिवसांतच त्याले रोग लागला. सोताच बंद पडे, सोताच चालू होय, अन् चालू होताना कंपनीचं गाणं भोंग्यासारखं वाजवे. आवाज कमीच होत नव्हता.

घरवालीच्या, म्हंजे आमच्या बुढीच्या, फोनवरून कंपनीले फोन लावला. अर्धा घंटा बाजा ऐकवला, मंग पोरगी म्हणते, “सर, एक बार बंद करके चालू कीजिए.”

मी म्हटलं, “मॅडम, वो खुदच दिन में बीस बार करता है. मैं और क्या करूं?”

“शिकायत दर्ज हो गई, सर.” मंग महिनाभर कोणी विचारलं नाही.

इकडं संत्र्याच्या तोडाईले आठ दिवस राहिले, अन् वांदरं बगीच्यात अर्धे खाऊन अर्धे फेकून राहिले होते. मी गोटा उचलला, तर बुढी आडवी आली. “मारुतीचे होत ते! गोटा मारून जामसांवलीच्या मारुतीच्या देवळात कोणत्या तोंडानं जासान?”

गोटा टाकला, तेवढ्यात खिशातला फोन बंद होऊन चालू झाला. गाणं वाजलं अन् वांदरं जे पळाले, ते धुऱ्याचा बांध ओलांडून थेट नाल्यापार. तवापासून फोन सकाळी बैलासारखा फांदीले बांधतो, सांजच्याले सोडून आणतो.

काल बांधता बांधता त्याच्यावरच कंपनीचा फोन आला. “सर, आपका फोन ठीक करने आदमी भेज रहे हैं.”

मी म्हटलं, “खबरदार, हात लगाया तो! वैसाच बिगडेला एक और भेजो. नाले की तरफ का धुरा अभी बाकी है.”