हनुवटीखालचा पट्टा

माझं गाव कामठा. घरी धानाची शेती, बाप दिवसभर बांधीत, म्हणजे शेतातच, आणि मी लहानपणापासून धावण्यात पुढे, म्हणून सगळे म्हणत हा पीटीचा मास्तर होणार, तर खरंच झालो, गोंदियाच्या एका शाळेत लागलो. क्रिकेट समजत होतं, कबड्डी समजत होती, बेसबॉल हे नाव मात्र नोकरीत लागल्यावर ऐकलं. वरून आदेश आला, शालेय स्पर्धेत हा खेळ आहे, अंपायर पाहिजेत, शिबिराला जा. गेलो. तिथं बाजूच्या गादीवर देवरीच्या शाळेचा टेकचंद, तोही पीटीचाच. तो मला किसन म्हणे, मी त्याला टेका.

शिबिरातले उस्ताद हिंदीत शिकवत. कोच भांडायला आला की पहिले चेहऱ्यावरचा मास्क काढा, हात मागे घ्या, त्याचं पूर्ण ऐका, मग एकदाच उत्तर द्या. जाळीआडून बोललात तर त्याला वाटतं भिंतीशी बोलून राहिलो. हे मी आणि टेकानं सोबत ऐकलं, एवढं ध्यानात ठेवा.

पण काय सांगू तुम्हाला, मास्क होता कुठं? एकच होता, तो चेंडू पकडणाऱ्या पोरीला द्यावा लागे, कारण चेंडू आधी तिच्यावर येतो. मी तिच्या मागे वाकून उभा, तर मी क्रिकेटचं हेल्मेट घालायचो. पोरी त्याला टोप म्हणत. मास्क एका हातानं निघतो, टोप तसा निघत नाही, हनुवटीखालचा पट्टा सोडावा लागतो. आणि त्याच्या जाळीतून खालचं नीट दिसत नाही. वर्षानुवर्षं तसंच चालवलं, सगळेच तसं चालवत होते.

एका साली जिल्ह्याची फायनल आमच्या मैदानावर होती. टेका देवरीच्या टीमचा कोच. शेवटची पाळी, त्याच्या पोरींची बॅटिंग, एक गडी राहिलेला. त्याच्या टीमची पोरगी चेंडू मारायला तिसऱ्यांदा चुकली. आता नियम असा, की तो चेंडू मागच्या पोरीनं थेट झेलला तर आऊट, खेळ संपला, पण आधी जमिनीला टेकला असेल तर बॅटिंगवाली पहिल्या बेसकडे पळू शकते, खेळ चालू. चेंडू खाली आला, एकदम खाली. मला जाळीची काडी दिसली आणि धूळ दिसली. धूळ चेंडूची होती की त्या पोरीच्या पायाची, मला नाही समजलं. ती बॅटिंगवाली पळत सुटली होती, लोक ओरडत होते, आणि माझा हात वर गेला. आऊट.

टेका धावत आला. आधी सर म्हणाला, मैदानावर तो मला सरच म्हणे. सर, टप्पा पडला, धूळ उडाली, सगळ्यांनी पाहिलं. मी म्हटलं मी पाहिलं, झेल आहे. मग तो हळूच बोलला, किसन, टोप काढ अन् सांग.

माझा हात पट्ट्यावर गेला. खरं सांगतो, गेला होता. पण टोप काढला असता तर तोंड दिसलं असतं, आणि टेका माझं तोंड ओळखत होता. हात खाली आणला. मी म्हटलं, मैदानाच्या बाहेर व्हा. तेव्हा त्यानं माझ्या टोपाची जाळी धरली आणि हलवली, काढ ना, काढ ना म्हणून. मारलं नाही त्यानं. पण लोकांनी एवढंच पाहिलं की कोचनं अंपायरला हात लावला. स्पर्धेच्या समितीनं विचारलं, मी म्हटलं हो, लावला. हे खोटं नव्हतं, काय करू. टेकाला मैदानावर यायची मनाई झाली, शाळेनं टीम दुसऱ्याला दिली. मनाई उठल्यावरही तो कधी आला नाही. देवरीत त्याला अंपायरला मारणारा मास्तर म्हणतात, अजूनही.

या दिवाळीनंतर मी बसनं देवरीला गेलो. टेका अंगणात खाटेवर बसला होता, गुडघे गेलेले, मला पाहून हसला, ये म्हणाला. त्याची बायको बोलली, भाऊजी, लय वर्षांनी वाट सापडली. चहा झाला. मग मी सगळं सांगितलं, मला दिसलंच नव्हतं, मी समितीपुढं जातो, त्या जुन्या लोकांना सांगतो, तुझ्या शाळेत येऊन सांगतो.

तो ऐकत होता. मग म्हणाला, मले तवाच माहीत होतं. तुया हात पट्ट्यावर गेला ना, मी म्हटलं, हा काढते, आता काढते. अन् तू हात खाली घेतला.

मी म्हटलं, टेका, मग आता तरी.

तो म्हणाला, समितीतले दोघं मेले, शाळेत कोणी ओळखत नाही. आता कायले काढून राहिला?

बायकोनं पोहे आणले. खाल्ले. तो म्हणे बस आहे, जा, उशीर होईल.

म्हणून तुम्हाला सांगून राहिलो, लिहून घ्या. टप्पा पडला असेल, मला दिसलं नव्हतं, आणि टेकानं मारलं नव्हतं. नव्या पोरांजवळ आता खरे मास्क आहेत, एका हातानं निघतात म्हणे. त्यांचं बरं होवो. माझा टोप खुंटीला आहे, त्याचा पट्टा लावलेलाच आहे.