डोणगावहून आणलेली सखू

अगं, माझ्या नोकरीच्या पहिल्याच शाळेत हेडमास्तरांनी बजावलं होतं, "परीक्षेच्या दिवशी हजेरी मीच घेतो. काऊन ते विचारू नका." संशय मला तेव्हाच आला. परीक्षा घ्यायला तालुक्याचे डिप्टी साहेब यायच्या सकाळी चौथीत सखूच्या जागी भलतीच पोरगी!

"तुझं नाव काय गं?"

"आज सखू, बाई. उद्या डोणगावच्या शाळेत परत."

"आणि आमची सखू?"

"कापूस वेचाले धाडली," हेडमास्तर कुजबुजले. "तिले वाचता येत नाही. शाळेची इज्जत जाईन."

शेजारी उभे असलेले गावचे पाटील हसले, "पोरीच्या जातीले वाचून काय करायचं, बाई? कागदावर पास झाली, बस झालं!"

मी हेडमास्तरांच्या हातातून हजेरीपट ओढला. "आज हजेरी मी घेणार. सखूच्या नावाला सखूच ओ देईल. तिला शेतातून बोलवा, नाहीतर ती कुठे आहे ते साहेबांना मीच सांगते."

पाटलांनी हेडमास्तरांकडे पाहिलं, हेडमास्तरांनी जमिनीकडे. मग हेडमास्तरांनीच एका पोराला शेताकडे पिटाळलं.