निळ्या पट्ट्या

पंक्चर काढून होईपर्यंत मास्तर गॅरेजच्या बाकावर पेपर वाचत बसले होते. तेवढ्यात निळ्या दिव्यांच्या पट्ट्यांनी नखशिखांत नटलेली एक मोटरसायकल एका तरुणीने आणि एका म्हाताऱ्या गृहस्थांनी ढकलत आणली आणि मास्तरांचं वाचन तिथंच थांबलं.

"मिस्त्री, बटन दाबलं की नुसतं टिकटिक वाजतं. आज तिसऱ्यांदा उशीर झाला. आणखी एकदा झाला तर हॉस्पिटलची नोकरी गेलीच समजा."

"बॅटरी तर नवी आहे, ताई. हे दिवे कोणी लावले?"

"सासऱ्यांनी. हे काय, समोर उभे आहेत."

"काका, वायर थेट बॅटरीला जोडलीय तुम्ही. दिवे बंद कुठून करता?"

"बंद कशाला करायचे? रात्रभर छान दिसतात की."

"म्हणून तर सकाळी बॅटरी मान टाकते."

"अरेच्चा! म्हणजे मीच का? काढून टाक बाबा सगळे. जिरली माझी हौस."

"थांबा, मिस्त्री. किल्लीवर जोडता येतील?"

"येतील की. गाडी चालू असेल तेव्हाच लागतील."

"मग तसंच करा."

"अगं, कशाला? लोक हसतात तुला."

"हसू देत. बाबा, संध्याकाळी खिडकीत माझी वाट बघत बसता ना? लांबूनच दिसेन तुम्हाला."



"मागं वाकून काय बघताय, काका?"

"मिस्त्री, मागच्या बाजूला अजून एक पट्टी बसेल का रे? ही जातानाही दिसायला हवी."