हिंदुरावाच्या कानाची परीक्षा

...अहो, कान तपासायचाय ना, मग डॉक्टरकडे न्या की! पण नाही! आमच्या हिंदुरावाला नेलं कुठं, तर पियानो ऐकायला! चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. तुम्हाला सांगतो, अकरा वर्षं हा माणूस पिंपरीत कारखान्याच्या प्रेस शॉपला, पत्रे ठोकायच्या मशीनवर, दिवसभर ते धडाम् धडाम्, त्यात एकदा फोरमनची शिट्टी ऐकू आली नाही, तर मॅनेजर साहेब म्हणाले, "संध्याकाळी गेस्ट हाउसवर जर्मन पाहुण्यांचं वादन आहे, ये. ऐकू आलं तर मशीनवर, नाहीतर उद्यापासून गोदामात पोती उचल!"

आता बायको सोबत असती तर कोपरानं खुणावलं तरी असतं, पण पत्रिकेवर छापलेलं 'रोमँटिक संगीत', ते वाचून सुमनताई म्हणाल्या, "अहो, चारचौघांत? मी न्हाई बाई यायची!" गेला एकटाच. साहेबांनी शेजारी बसवला. समोर एक पियानोवर, एक व्हायोलिनवर, तिसरा ते थोरलं व्हायोलिन गुडघ्यांत धरून... आणि हिंदुरावाला ऐकू काय आलं? शून्य! व्हायोलिनवाला घामाघूम, हात हलतोय, आवाज नाही! बायका डोळे पुसतायत. हिंदुरावाला वाईट वाटलं? छे! भीती? तीही नाही! आत नुसता लाकडी ओंडका. मग करायचं काय? मान हलवायची!

साहेब बघतायत? मान हलवायची! एकदम तिघांचे हात थांबले. संपलं! हिंदुरावानं टाळ्यांचा कडकडाट केला... अख्ख्या हॉलमध्ये एकट्यानं! संपलं नव्हतं हो! असे चार तुकडे असतात म्हणे, टाळी शेवटी! गेलं मशीन, आलं गोदाम... तेवढ्यात शेजारून धाडधाड टाळ्या! कोण? साहेब!

दुसऱ्या तुकड्याला तेच, हिंदुरावामागोमाग साहेब! तिसऱ्याला यानं हात आवरले, तर साहेबही गप्प, नजर याच्या हातांवर! तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. अहो, साहेब तरी वर चढले कुठून? याच प्रेस शॉपमधून!

बाहेर आल्यावर साहेबांनी विचारलं, "कसं वाटलं?"

हिंदुराव म्हणाला, "जेवूनच आलोय, साहेब!"

साहेबांनी डोळे मिटून मान हलवली. "अगदी मनातलं बोललास!"

दुसऱ्या दिवशी फोरमनकडे चिठ्ठी आली, "कान तयार आहे. मशीनवरच ठेवा."

झाला हो पास! उरलासुरला कान घालवायला रिटायर होईपर्यंत अजून सतरा वर्षं होती की!